दिल्लीची उन्हाळी सहल : आखणी कोणाच्या मापाने करावी?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



संमेलनाच्या या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वसतिगृहाचा निधी, वधूवरसूचक मंडळाच्या अडचणी अशा भारदस्त विषयांवर भाषणे होतात. त्या मानाने कार्यकारी मंडळाने आम्हांस दिलेला विषय हलका वाटण्याचा संभव आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत सभासद-कुटुंबांची एक सहल राजधानी दिल्लीस न्यावी असे घाटत आहे. तिची आखणी कशी करावी, याविषयी चार शब्द सांगावेत अशी आम्हांस आज्ञा झाली. सहलीचे बोलणे ते काय, गाडीची तिकिटे काढावीत, उतरण्याची सोय पाहावी आणि निघावे, असे आपणांपैकी कित्येकांस वाटत असेल. काही वर्षांपूर्वी आम्हांसही तसेच वाटत होते. त्या समजुतीची किंमत आम्ही मोजली, आणि ती मोजली आमच्या घरातील सर्वांत वडील माणसाने. म्हणून हा विषय आम्ही हलका मानीत नाही.

शिवाय, या सहलीसंबंधी एक सूचना मंडळापुढे आली आहे. पासष्ट वर्षांवरील स्त्रीपुरुषांस सहलीत घेऊ नये, म्हणजे जबाबदारी उरणार नाही, अशी ती सूचना आहे. ती मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात शंका नाही. त्यामागे काळजीच आहे. तरीही ती स्वीकारू नये असे आमचे मत आहे, आणि ते का, हे शेवटी सांगू. आधी दिल्लीचा उन्हाळा कसा असतो ते पाहू.

दिल्ली समुद्रापासून दूर, वाळवंटाच्या वाऱ्याच्या वाटेवर वसलेली आहे. मे महिन्यात तेथील कमाल तापमान सरासरीनेच ४० अंशांच्या आसपास असते. पश्चिमेकडून राजस्थानावरून जो कोरडा, तापलेला वारा येतो त्याला तिकडे ‘लू’ म्हणतात. २९ मे २०२४ या दिवशी सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश तापमान नोंदले गेले. पाऊस तेथे साधारणपणे २७ जूनच्या सुमारास पोहोचतो. म्हणजे आपल्या मुलांच्या शाळा उघडून गेलेल्या असतात. नागपूर-चंद्रपूरकडील आपल्या बांधवांना हे ऊन नवे नाही. त्यांना आम्ही काय सांगावे? परंतु मुंबई, कोकण आणि पुणे येथील माणूस मात्र फसतो. आपल्याकडे घाम अंगावर दिसतो, कपडा भिजतो, जीव पाणी मागतो. तिकडच्या कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो. अंग कोरडेच भासते, आणि शरीरातील पाणी किती गेले याची जाणीव होईपर्यंत उशीर झालेला असतो.

ज्या इंग्रजांनी १९११ च्या डिसेंबरात कलकत्त्याहून राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा केली आणि १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे थाटाने उद्घाटन केले, ते स्वतः उन्हाळ्यात दिल्लीत राहत नसत. १८६४ पासूनच उन्हाळ्यात सरकारी दप्तर सिमल्यास नेण्याची त्यांची वहिवाट होती. राज्यकर्ते ज्या दिवसांत राजधानी सोडून पळत, नेमक्या त्याच दिवसांत आपण ती पाहावयास निघणार! हौस म्हणून नव्हे. मुलांना सुटी तेव्हाच, शिक्षकांना तेव्हाच, आणि खाजगी नोकरीतील पुष्कळांना मुलांच्या सुटीखेरीज दुसऱ्या वेळी रजा मागवत नाही. हिवाळ्यात जावे हा सल्ला शहाणपणाचा असला तरी ज्याला हिवाळ्यात मोकळीक नाही त्याने दिल्ली पाहूच नये काय? म्हणून उन्हाळा गृहीत धरूनच आखणी केली पाहिजे.

आता आमचीच हकीकत थोडक्यात सांगतो. आमच्या आत्याबाईंनी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. नागरिकशास्त्राच्या तासाला त्या खडूने फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढीत, त्याभोवती खांबांच्या रेघा ओढीत आणि म्हणत, ‘मुलांनो, ही आपली संसद.’ ती इमारत त्यांनी फक्त पुस्तकातील चित्रात पाहिली होती. आम्ही सर्व कुटुंबीय मे महिन्यात दिल्लीस निघालो तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. सहलीचा कागद आम्ही तयार केला. चार दिवस आणि सव्वीस ठिकाणे! एकही ठिकाण सुटता कामा नये, हाच आमचा ध्यास. संसदेची इमारत आम्ही चौथ्या दिवशी ठेवली, कारण त्या दिवशी ती वाटेत पडत होती. आत्याबाईंना काय पाहावयाचे आहे, हे आम्ही विचारलेच नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दीड वाजता एका जुन्या वास्तूच्या दगडी पटांगणात आत्याबाई मटकन खाली बसल्या. सकाळपासून त्या पाणी पीत नव्हत्या. स्वच्छतागृह जवळ मिळेल की नाही या संकोचाने त्यांनी तहान मारली होती, आणि आमचा खोळंबा होऊ नये म्हणून थकल्याचे एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध. भोवतालच्या अनोळखी लोकांनी सावलीत नेले, अंगावर पाणी शिंपडले, गाडी मिळवून दिली, म्हणून निभावले. पुढचे तीन दिवस इस्पितळात गेले आणि तेथून आम्ही सरळ घरी परतलो. आत्याबाई बऱ्या झाल्या. पण ती वर्तुळाकार इमारत त्यांची पाहावयाची राहिली ती राहिलीच. पुन्हा एवढ्या लांबचा प्रवास त्यांच्याने झाला नाही. दोष ना दिल्लीचा, ना उन्हाचा. तो आमच्या कागदाचा होता. तो कागद घरातल्या सर्वांत धडधाकट माणसाच्या मापाने आखलेला होता.

यातून आम्ही जो धडा घेतला तो एका वाक्यात सांगतो. सहलीची आखणी तिच्यातील सर्वांत अशक्त माणसाच्या मापाने करावी. पूर्वी काशीयात्रेला निघालेली मंडळी मुक्काम ठरविताना म्हातारी माणसे किती कोस चालतील हे आधी पाहत. आपण मोटारी आणि वेगवान गाड्या मिळताच ते माप विसरलो. आता हे तत्त्व प्रत्यक्षात कसे आणावे, ते क्रमाने पाहू.

पहिले काम, जो जो येणार त्याला घरी जाऊन एकच प्रश्न विचारावा : दिल्लीत तुम्हांस एकच स्थळ पाहता आले तर कोणते पाहाल? उत्तर कागदावर नावासह लिहून घ्यावे. आजींना विचारावे, सातवीतल्या मुलीला विचारावे. घरातल्या कर्त्या पुरुषाने सर्वांच्या वतीने उत्तर देऊ नये. मग या उत्तरांचा कार्यक्रम करताना जे सर्वांत वृद्ध किंवा सर्वांत नाजूक प्रकृतीचे असतील त्यांचे स्थळ पहिल्या दिवशी ठेवावे. पुढे काही विघ्न आले तरी त्यांची इच्छा राहणार नाही.

दुसरे काम तारखांचे. निकाल लागताच, एप्रिलअखेरीस किंवा मेच्या अगदी आरंभी निघावे. मेचा उत्तरार्ध टाळावा. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. सुटीच्या दिवसांत पहिल्याच सकाळी जागा संपतात, म्हणून नावे, वये आणि ओळखपत्रांची यादी महिनाभर आधी तयार पाहिजे. वय अचूक लिहावे. वृद्ध प्रवाशांना आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना खालचे बर्थ देण्याची जी सोय आहे ती वयावरच अवलंबून असते. ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सवलत २०२० मध्ये थांबविण्यात आली; तेव्हा जुन्या हिशोबावर विसंबून खर्च मांडू नये. मुंबईहून दिल्ली सुमारे १,४०० किलोमीटर. एवढ्या प्रवासानंतर पोहोचल्याच दिवशी दर्शनास धावू नये. तो दिवस विश्रांतीचा.

तिसरे काम मुक्कामाचे. स्वस्त पण लांबच्या जागेपेक्षा मेट्रो स्थानकाजवळची, खोली थंड राहील अशी जागा घ्यावी. दिल्लीची मेट्रो २००२ च्या डिसेंबरात सुरू झाली. आज ती शहराच्या बहुतेक भागांत जाते, गाड्या वातानुकूलित आहेत, स्त्रियांसाठी स्वतंत्र डबा आहे आणि स्थानकांत उद्वाहक आहेत. उन्हाळ्यात दुपारी खोलीवर परतता येणे ही चैन नव्हे. तीच सहलीची खरी तटबंदी होय. महाराष्ट्र शासनाची दोन सदने दिल्लीत आहेत. तेथे सामान्य प्रवाशास जागा मिळण्याचे नियम काय आहेत याची मंडळाने आधी पत्राने चौकशी करावी, विसंबून मात्र राहू नये.

चौथे काम वारांचे. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, पंतप्रधान संग्रहालय, गांधी स्मृती ही स्थळे सोमवारी बंद असतात. आग्ऱ्याचा ताजमहाल शुक्रवारी बंद. राष्ट्रपती भवन पाहण्यास आधी नोंदणी लागते. त्याची प्रसिद्ध बाग, जिला २०२३ पासून अमृत उद्यान म्हणतात, मुख्यत्वे वसंत ऋतूत उघडी असते. मे महिन्यात ती पाहावयास मिळेल असे मुलांना आश्वासन देऊ नये. संसदेचे अधिवेशनही या दिवसांत बहुधा नसते आणि आत जाण्यास आगाऊ परवानगी लागते. ही चौकशी न करता गेलेले कुटुंब बंद दरवाजापाशी उन्हात उभे राहते.

आता दिवसाची विभागणी. उन्हाळ्यातील दिल्लीचा दिवस तीन भागांत तोडावा : सकाळी सूर्योदयापासून साडेनवापर्यंत, किंवा स्थळ उघडण्याच्या वेळेपासून फार तर दहापर्यंत, उघड्यावरची एक वास्तू, अकरा ते साडेचार मुक्कामावर किंवा थंड संग्रहालयात, आणि उन्हे कलल्यावर एक मोकळी जागा. एका दिवसात दोन, फार तर तीन स्थळे. आमच्या जुन्या कागदावर दिवसाला सहा-सात होती, हे आपल्या ध्यानात असेलच.

या मापाने चार दिवसांचा कार्यक्रम असा होऊ शकेल. पहिल्या सकाळी संसदेची जुनी इमारत आणि कर्तव्यपथ. ही इमारत १९२७ मध्ये उघडली गेली. तिच्या भोवतीच्या ओवरीला १४४ खांब आहेत. नवे संसदभवन २८ मे २०२३ रोजी सुरू झाल्यावर जुन्या इमारतीस ‘संविधान सदन’ असे नाव देण्यात आले. हे नाव यथार्थ आहे. ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधानसभेची पहिली बैठक याच इमारतीत भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान येथेच स्वीकारले गेले. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्या सभेत ज्या थोड्या स्त्रिया होत्या त्यांत पुढे चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी झालेल्या दुर्गाबाई होत्या. पहिल्या लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळंकर हेही मराठी मातृभाषेचे. इमारत रस्त्यावरून पाहावी लागली तरी मुलांना एवढे सांगावे. म्हणजे दगडांना अर्थ येतो.

त्याच दुपारी जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालय. मोहेंजोदडोची चिमुकली कांस्यनर्तकी तेथे आहे. चार इंचांच्या त्या मूर्तीपुढे मुले किती वेळ उभी राहतात ते पाहावे. संध्याकाळी इंडिया गेट. ४२ मीटर उंचीची ही कमान पहिल्या महायुद्धात आणि त्याच्या आगेमागे परक्या सरकारसाठी लढून पडलेल्या हिंदी सैनिकांचे स्मारक आहे; तिच्याजवळच २०१९ मध्ये स्वतंत्र भारताच्या सैनिकांचे राष्ट्रीय युद्धस्मारक झाले. दोन्हींतील भेद मोठ्या मुलांना समजावून द्यावा.

दुसऱ्या सकाळी लाल किल्ला. शहाजहानने १६३९ मध्ये तो बांधावयास घेतला आणि १६४८ मध्ये पुरा केला. किल्ल्यातील महालांतून पाण्याचा पाट खेळविलेला होता; त्याला स्वर्गाचा पाट अशा अर्थाचे नाव होते. भिंतींत जाळ्या, पाण्यावरून येणारा वारा, भरपूर उंचीची छते, ही सारी उन्हाशी केलेली तडजोड होय. बांधणाऱ्यांनी उन्हाचा एवढा विचार केला. पाहणाऱ्यांनीही थोडा करावा.

लाल किल्ल्यात मराठी माणसाने आणखी एक गोष्ट आठवावी. १७३७ मध्ये बाजीराव पेशवे दिल्लीच्या वेशीपर्यंत आले. त्यांचा तळ तालकटोऱ्याजवळ पडला होता, पण ते शहरात न घुसता परतले. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी किल्ला घेतला तेव्हा लष्कराच्या खर्चाची इतकी ओढ होती की दिवाण-ए-खासचे उरलेले रुप्याचे छत उतरवून वितळवावे लागले. काही महिन्यांतच, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. पुढे १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी शाहआलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत आणले, आणि ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव होऊन दिल्ली इंग्रजांकडे गेली. मुलांना नुसता अभिमान शिकवू नये; रुप्याच्या छताची गोष्टही सांगावी. पुरेशी रसद न जमविता लांबच्या मोहिमेवर निघाले म्हणजे काय होते, हे तेथे दिसते. लहानशा सहलीलाही ते लागू आहे.

दुपार मुक्कामावर. संध्याकाळी राजघाट. ३१ जानेवारी १९४८ रोजी महात्माजींवर जेथे अंत्यसंस्कार झाले ती ही जागा. तेथे बोलणे कमी असावे.

तिसऱ्या सकाळी कुतुबमिनार किंवा हुमायूनची कबर. दोन्ही एकाच सकाळी नकोत. मिनार ७२.५ मीटर उंच. १९८१ मध्ये आत चेंगराचेंगरीची दुर्घटना झाल्यापासून वर जाता येत नाही, हे मुलांना घरीच सांगावे. तेथील लोहस्तंभ शेकडो वर्षांच्या ऊनपावसात फारसा गंजलेला नाही. हुमायूनची कबर त्याच्या विधवा पत्नीने बांधविली. तिच्याभोवतीच्या चौरस बागेत सकाळी सावली आणि पाणी दोन्ही आहे. वृद्धांना हेच स्थळ अधिक सोयीचे. दुपारी तीन मूर्ती येथील पंतप्रधान संग्रहालय. ते १४ एप्रिल २०२२ रोजी उघडले आणि आत गारवा आहे.

तिसऱ्या संध्याकाळी गुरुद्वारा बंगला साहिब. डोके झाकावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत; फरशी तापलेली असल्यास पायमोजे जवळ असावेत. तेथील लंगरात येईल त्याला एकाच रांगेत जमिनीवर बसवून जेवू घालतात. नाव, गाव, ज्ञाती कोणी विचारीत नाही. शिखांच्या ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. म्हणजे ते घर आपल्याला अगदीच परके नव्हे. एके काळी ज्ञातिसंस्थांच्या सभांतून पंक्तिव्यवहारावर किती वाद झडत, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना ऐकून ठाऊक आहे. त्या पंक्तीत आपल्या मुलांनी एकदा बसावे आणि जेवून झाल्यावर चार भांडी घासावीत, असे आम्हांस मनापासून वाटते. मुलांच्या शाळेतले सोबती अन्य ज्ञातींचे असून येऊ इच्छीत असतील, तर त्यांनाही सहलीत घ्यावे.

चौथ्या सकाळी जंतरमंतर. सवाई जयसिंगाने १७२४ च्या सुमारास उभारलेली ही वेधशाळा. तिच्यातील मोठे यंत्र म्हणजे एक प्रचंड छायाघटिका होय. उन्हाची एवढी निंदा केल्यावर त्याचा हा एक उपयोगही मान्य केला पाहिजे : सावली नसेल तर ते यंत्र चालत नाही! त्यानंतर २६, अलीपूर रोड. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण तेथे झाले; १३ एप्रिल २०१८ पासून तेथे राष्ट्रीय स्मारक आहे. पहिल्या दिवशी जी इमारत पाहिली तिची ओळख येथे पुरी होते. मग सामान आवरावे. पानिपत उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर आहे आणि ज्यांना जावयाचे त्यांनी दोन दिवस अधिक काढून स्वतंत्र जावे. चार दिवसांत ते कोंबू नये.

आता प्रकृतीविषयी. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली, रुंद सुती रुमाल आणि छत्री असावी. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घातलेले पेय रोज सकाळी करून घ्यावे. कैरीचे पन्हे, ताक, दही-भात ही आपली जुनी मंडळी तिकडेही उपयोगी पडतात. मात्र रस्त्यावरचा बर्फ टाळावा. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पाणी व मीठ किती घ्यावे हेही त्यांनाच विचारावे. एखाद्याचे अंग तापून बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर तो साधा थकवा नव्हे. त्याला तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, ११२ या क्रमांकावर मदत मागवावी, आणि शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी घालू नये. हे सहलीतील दोन-तीन तरुणांना तरी निघण्यापूर्वी शिकविलेले असावे.

आणि एक संकोचाची गोष्ट. स्वच्छतागृह कोठे आहे, हे प्रत्येक स्थळी पोहोचताच सहलप्रमुखाने सर्वांना मोठ्याने सांगावे. कोणा बाईला ते विचारावे लागू नये. आमच्या आत्याबाईंना हे कोणी सांगितले असते तर त्या पाणी प्याल्या असत्या. एवढ्याशा संकोचाने माणसे आजारी पडतात.

खर्चाविषयी थोडे. भाडे, मुक्काम, भोजन आणि औषधपाण्यासाठी राखीव अशी चार खाती आधी मांडून दरडोई वर्गणी जाहीर करावी. राखीव रक्कम खर्च न झाल्यास परत द्यावी. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशमूल्य पडत नाही. आमची एक विनंती अशी, की दर दहा वर्गणीदारांमागे एक जागा मंडळाने आपल्या निधीतून अशा कुटुंबास द्यावी, ज्याला हा खर्च झेपत नाही. आणि ती कोणाला दिली हे अहवालात छापू नये. आखणी अशक्ताच्या मापाने करावी असे आम्ही म्हणतो, त्यात खिशाची अशक्तताही आली.

शेवटी पासष्ट वर्षांच्या मर्यादेकडे वळतो. या मर्यादेने सहल सोपी होईल, हे खरे. सव्वीस ठिकाणांचा कागदही मग पुन्हा काढता येईल! पण उष्माघात वय विचारून येत नाही. दुपारी दीड वाजता दगडी पटांगणात उभे केले तर सहा वर्षांचे मूलही कोसळेल आणि चाळिशीचा गृहस्थही. वृद्ध माणूस बरोबर असले म्हणजे दुपारची विश्रांती, सावली, पाणी आणि बसावयाची जागा यांचा विचार आपणांस करावाच लागतो. आणि त्याचा लाभ सर्वांनाच होतो. ज्यांना उत्साह आवरत नाही अशा तरुणांनी दुपारी वेगळी तुकडी करून रेल्वे संग्रहालय पाहावे. आमची हरकत नाही. ज्यांची प्रकृती खरोखरच परवानगी देत नाही त्यांना डॉक्टर थांबवतील. तो निर्णय जन्मतारखेने करू नये. ज्या पिढीने हे मंडळ उभे केले, वर्गणीसाठी दारोदार फिरून ज्यांनी वसतिगृह बांधले, त्यांना राजधानी दाखविण्याची वेळ आली तेव्हा आपण त्यांची वये मोजावीत, हे आम्हांस बरे वाटत नाही.

आत्याबाई आता नाहीत. दिल्लीहून परतल्यावर त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. एकदाच त्या इतके म्हणाल्या, ‘अरे, मला एकच तर पाहावयाचे होते, मला विचारायचे होतेत.’ तेव्हापासून कोणत्याही प्रवासास निघताना आमच्या घरी प्रथम तो प्रश्न विचारला जातो. मंडळाच्या सहलीचा कागदही त्याच प्रश्नाने सुरू व्हावा, आणि पहिल्या दिवशीच्या सकाळी एखाद्या आजीबाईंचा हात धरून एखादी शाळकरी मुलगी त्या वर्तुळाकार इमारतीसमोर उभी राहावी, एवढीच आमची इच्छा आहे.